गाडीखालची परात

माझ्या गाडीतून तेल गळतं, हे मी स्वतःहून कधीच कुणाला सांगितलं नाही. तशी गरजही पडली नाही. ऑफिसच्या शेडमध्ये माझी जागा कोणती, हे नवीन आलेल्या शिपायालासुद्धा फरशीवरच्या काळ्या डागावरून कळायचं.

पहिल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "गळून नाई राहिलं साहेब, घामेजून राहिलं." इतकं हळुवार निदान माझ्या रक्तदाबाचंही कुणी केलं नव्हतं. मी खूष होऊन घरी आलो. थोड्याच दिवसांत घामाला धार लागली. मग त्याने इंजिनाचं वरचं पॅकिंग बदललं, तेव्हा तेल खालून यायला लागलं. वलगाव रोडवरच्या दुसऱ्याने खालचं चेंबर उघडलं, पहिल्याने कुठे कुठे वाट लावली ते बॅटरी मारून दाखवलं आणि ऑइल सील बदललं. तिसऱ्याने दुसऱ्याबद्दल तेच सांगितलं. आधी ज्याच्या हातात गाडी होती तो गाढव, यावर या मंडळींचं एकमत होतं. तिघांचीही बिलं भरणाऱ्याबद्दल त्यांचं काय मत होतं, ते मी विचारलं नाही. त्या पैशात स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला असता, असं बायको मला रोज त्या जुन्या ओट्यापाशी उभी राहून सांगायची.

आमचा रविवार अकोल्याला जायचा. सासूबाई गेल्यापासून सासरे तिथे एकटेच राहतात. बार्शीटाकळीकडचं शेत बटईने दिलेलं, सकाळी एक बाई येऊन पोळ्या-भाजी करून जाते, बाकी दिवसभर घर आणि ते. अमरावतीला आमच्याकडे राहायला चला, असं आम्ही किती वेळा म्हटलं. पण लेकीच्या घरी बापानं मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नेम. आणि जावयाला 'राहा' म्हणायचं नाही, हा दुसरा. जावई आपल्या मर्जीनं येतो, मर्जीनं जातो, त्याला गळ घालणं शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारचं ऊन कललं की ते घड्याळाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "जवाईबापू, निघा आता, उजेडात पोचसान."

त्यांनी नुकत्याच अंगणात पांढऱ्या फरश्या बसवल्या होत्या. पहिल्याच रविवारी माझ्या गाडीने त्यावर आपली सही केली. सासरे डागाशी उकिडवे बसले. मी शरमेने अर्धा झालो. त्यांनी डाग घासायला घेतला. राख झाली, साबणाचा चुरा झाला, रॉकेल झालं, डाग काही हलला नाही. पुढच्या वेळी मी फाटकातून गाडी आत घेतली तर हे हातात परात घेऊन उभे. जर्मनची मोठी परात, घरात पाहुण्यांची पंगत असली की सासूबाई तिच्यात कणीक भिजवायच्या. इंजिनाखाली ती बरोबर सरकवून ते म्हणाले, "तिले तरी काई काम भेटलं बाप्पा."

तेव्हापासून जेवणं झाली की सासरे वाकून परात पाहायचे. विहिरीचं पाणी पाहावं तसं पाहायचे. आणि घड्याळाकडे पाहायच्या ऐवजी म्हणायचे, "बम तेल गळून राहिलं, लय झालं. मुर्तिजापूरच्या पुढं इंजिन जाम झालं त रस्त्यात कोन येईन? पाहा बाप्पा, तुमच्या मर्जीवर हाय." मग मी तेलाचा डबा आणायला जायचो, दुकान रविवारचं बंद असायचं, आणि आम्ही मुक्काम करायचो. सोमवारी पहाटे निघून मी ऑफिसला उशिरा पोचायचो आणि साहेबांचं ऐकून घ्यायचो. गाडीचा मला इतका संताप यायचा की एकदा तिला लाथ मारून मीच लंगडत चाललो.

शेवटी चौथा मेकॅनिक भेटला. त्याने अख्खं इंजिन उतरवलं. बिल पाहून ओट्याचं स्वप्न कायमचं मिटलं, पण गाडी थांबली. म्हणजे गळायची थांबली. त्या रविवारी अकोल्याला मी जेवण अर्धवट टाकून परात पाहायला गेलो. कोरडी ठक्क. मी ती उचलून सासऱ्यांना दाखवली. शाळेत बक्षीस मिळालेलं पोर ताट दाखवतं तशी.

"बरं झालं," ते म्हणाले. परात स्वच्छच होती, तरी त्यांनी ती नळाखाली धुतली आणि भिंतीला टेकून ठेवली. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "निघा मंग, उजेडात पोचसान." परतीच्या वाटेवर मी शिट्टी वाजवत होतो. बायको बडनेरा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं, ओटा आठवला असेल.

पुढच्या रविवारीही तेच. परात मात्र त्यांनी नेमाने गाडीखाली सरकवली होती. "आसू द्या," म्हणाले, "मशीन हाय. मशीनचा काय भरोसा?"

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर घरात तळणाचा वास. सासरे गॅसपाशी उभे राहून कांद्याचे भजे तळत होते. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या हाताने चहा केला नाही, तो कढईत झारा फिरवत होता. बायको बघतच राहिली. "बाबा, काहून एवढी दगदग करता?" "खावंसं वाटलं," एवढंच त्यांचं उत्तर. भज्यांत ओवा जरा जास्त झाला होता, पण आम्ही ताट साफ केलं. बायको कढई घासायला उचलू लागली तर म्हणाले, "राहू दे. तू झोप घडीभर. मी पाह्यतो त्याचं."

मीही पंख्याखाली आडवा झालो. उठलो तेव्हा ऊन कललं होतं आणि सासरे अंगणात उभे राहून मला हाक मारत होते. "जवाईबापू, हे पाहा बरं."

परातीत तेल होतं. थेंब नव्हे, चांगलं पसरलेलं. काळं नव्हतं, उजळ तांबूस होतं, पण त्यात नवल नव्हतं. इंजिनात तेल नवंच भरलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी तिथेच मेकॅनिकला फोन लावला आणि त्याला जे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या गॅरेजला कुलूप लावायची भाषा केली. "साहेब, मी पोराबाळाची शपथ घेतो," तो बिचारा म्हणत होता. मी फोन बंद केला आणि पुरावा गोळा करायला बॉनेट उघडलं. तेलाची काडी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत जसंच्या तसं. अंगणात आडवा झोपून इंजिनाचं बूड पाहिलं, हात फिरवला. हात कोरडा. मग परात ओढून घेतली आणि तेलात बोट घातलं.

बोटाला काहीतरी लागलं. बेसनाचा एक बारका, जळका कण होता, आणि त्याला एक ओव्याचा दाणा चिकटलेला.

मी तसाच पडून राहिलो. गाडीखालून मला फक्त सासऱ्यांचे पाय दिसत होते. ते जागचे हलत नव्हते. मग मला एकेक रविवार आठवायला लागला, शिट्टी वाजवत निघालेला मी आणि फाटकाशी उभे असलेले ते.

"काय म्हणते गाडी?" वरून आवाज आला.

"गळून राहिली मामाजी."

"बम?"

"बम."

"मंग आज निघणं काई खरं नाई," ते हळूच म्हणाले. "पाहा बाप्पा, तुमच्या मर्जीवर हाय."

मी बाहेर आलो, कपडे झटकले आणि मेकॅनिकला एवढाच निरोप पाठवला की गाडी ठीक आहे, चूक माझी होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "बाबा, कढईतलं तेल कुठी गेलं? एवढं सारं तेल होतं!"

सासऱ्यांनी धोतराच्या सोग्याने उगाच तोंड पुसलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणापुढे असं सापडलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

"माझ्या हातून सांडलं," मी ओरडून सांगितलं.

"तुम्ही कशाला गेला होता कढईजवळ?"

"भजं पाहायला."

ती आत काहीतरी पुटपुटत राहिली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या तेलकट बोटाकडे पाहिलं. खाली वाकून त्यांनी परात उचलली, कोपऱ्यातल्या नाल्यात रिकामी केली आणि नळाखाली धरली. ती घासता घासता, माझ्याकडे पाठ करूनच, ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मुक्कामानंच या, जवाईबापू. गाडी चांगली असली तरी."