उंबराखालचा केर

माझ्या थोरल्या नणंदबाई विधवा झाल्यावर आम्ही त्यांना ठाण्याला राहायला बोलावले. त्या आल्या नाहीत. कल्याणच्या पलीकडे, मलंगगडाच्या अंगाला, त्यांच्या वाट्याला थोडी भातजमीन आणि तिच्या वरचा एक माळ आला होता. तेवढ्यात आपले निभेल, असे त्या म्हणत. मलाही ते बरे वाटले. आमच्याकडे येऊन त्या जन्मभर चुलीपुढे बसल्या असत्या आणि मी त्यांच्या समोर. ते दोघींनाही झेपले नसते.

अडचण निघाली ती माळाची. त्यांच्या दिरांनी वाटणीआधीच तिथली झाडे आगगाडीच्या रुळांखालच्या शिलिपाटांसाठी विकून टाकली होती. लाकूडतोड्यांनी सगळा माळ मोकळा केला, पण उंबराला कुऱ्हाड लावीनात. त्यात दत्ताचा वास. म्हणून उघड्या माळावर मधोमध तेवढा एक उंबर उरला.

झाडे गेली की राबही गेला. भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर झाडांचे टहाळे, पाचोळा आणि शेण पसरून जाळावे लागते, त्याला आमच्या मुलखात राब म्हणतात. एकदोन हंगाम गवतावर भागले. मग जमीन कसणाऱ्या कुळाची बायको अंगणात येऊन बसली आणि म्हणाली, "राब नाय त रोप नाय, बाय. असाच चाललं त आमी मिठागरावर जाऊ." कूळ गेले असते तर जमीन पडीक पडली असती आणि वन्सं आमच्या चुलीपुढे आल्या असत्या.

मी बेहडा, आळू, जांभूळ, मिळतील ती रानफळे गोळा करवली. गर काढला, बिया स्वच्छ धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि पाऊस लागल्यावर माळावर ओळीने टोकवल्या. एवढी काळजी मी परसातल्या भाजीचीही घेत नाही. दसऱ्याला गेले तेव्हा ओळींत गवताशिवाय काही नव्हते. थोड्या बिया उंदरांनी नेल्या होत्या, थोड्या कुजल्या होत्या, बाकीच्यांचे काय झाले कोण जाणे.

वन्सं मात्र आनंदात होत्या. मला हात धरून उंबराच्या खालच्या घळीत घेऊन गेल्या. तिथे रोपांची दाटी झाली होती. पाने पाहिली तर बेहडा, आळू, जांभूळ. माळावर आता यांतले एकही झाड नव्हते. मी जे पेरले ते उगवले नाही, आणि जिथे कोणी पेरले नाही तिथे नेमके तेच उगवले.

वन्सं म्हणाल्या, "प्रदक्षिणांचं फळ आहे हे."

त्या रोज सोवळ्याने उंबराला प्रदक्षिणा घालीत. मी म्हटले, तसे असेल तर तुमच्या वाटेवर एकही रोप का नाही? घळीत तर आपण केर टाकतो.

"वहिनी, देवाचं देणं आपण सांगू त्या जागी येतं का?"



केर कसला, तेही सांगते. उंबर पिकला की दिवसा धनेश पक्षी आणि वानरे यायची, आणि रात्री वटवाघळे. त्यांची घाण खाली पडे आणि कधी वन्संच्या सोवळ्यावरच पडे. मग पुन्हा स्नान आणि पुन्हा पहिल्यापासून प्रदक्षिणा. म्हणून त्या ती जागा रोज झाडवून घेत आणि केर घळीत लोटवीत.

देव पावला म्हणून वन्संनी प्रदक्षिणा वाढवल्या, आणि प्रदक्षिणा वाढवल्या म्हणून जागाही जास्त स्वच्छ हवी झाली. कुळाला गोफण घेऊन बसवले. तो दिवसा वानरे हाकी, संध्याकाळी डबा बडवी. पाहता पाहता उंबराखालची जमीन सारवल्यासारखी झाली.

पुढच्या पावसाळ्यानंतर घळीत आधीची रोपे गुडघ्याएवढी झाली होती, पण नवीन एकही नव्हते. देव रुसला, असे वन्सं म्हणाल्या आणि आणखी प्रदक्षिणा बोलल्या. मी काठी घेतली आणि घळीतला जुना, वाळलेला केर उकरला. लेंड्यांत, चोथ्यांत सगळीकडे बिया होत्या, अख्ख्या, गर चाटूनपुसून खाल्लेल्या. ही जनावरे पलीकडच्या रानात जेवून येत आणि इथे उंबर खाता खाता ते जेवण टाकून जात, एवढे दिसले. पण मीही गर काढलाच होता. मग माझ्या बिया का मेल्या? पोटातून गेल्याने बीला काय मिळते? की नुसता माझ्या वाळवण्याचाच दोष? पुढे ठाण्याला परसात एका ओळीत केरातल्या आणि एका ओळीत धुतलेल्या बिया लावून पाहिल्या. कोंबड्यांनी दोन्ही ओळी उकरल्या. एक बेहडा आला, तो कुठल्या ओळीतला ते आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी घळीतून वर येऊन वन्संना मी एवढेच म्हटले, "मला काही उलगडत नाही. पण गोफण बंद करून पाहा."

"आणि माझं सोवळं?"

"सोवळं ठेवायचं की घर, ते तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला बैल जुंपायला सांगत होते तेव्हा कुळाची बायको हसत आली. बाईंनी गोफण बंद करवली होती आणि राहिलात तर घळीतले पहिले टहाळे तुमच्याच राबाला, असे सांगितले होते. ती माणसे अजून तिथेच आहेत, आणि वन्संही.

जाता जाता माळाकडे पाहिले. वन्सं ओलेत्याने प्रदक्षिणा घालीत होत्या, पण खोडाभोवती नाही. उंबराच्या शेवटच्या फांदीच्याही बाहेरून, उन्हातून, मोठा वळसा घेऊन. वर धनेश बसला होता.

देव कोणाच्या हातून काम करून घेतो हे मी त्यांना विचारले नाही. मलाच ते नीट कळलेले नव्हते.