गुळाच्या रंगाचं औषध

हैज्याचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष पेशीला मारत नाही, फसवतं. आत एक खोटा निरोप सोडतं. पेशी तो खरा मानते आणि अंगातलं पाणी आतड्यात ओतत सुटते. या लबाडीचा छडा लावायला मी सत्तरच्या दशकात तीन वर्षं सशांची आतडी चाचपत बसलो होतो. इकडे आसेगावात मजुरी करणारे बाबा पारावर सांगायचे, "माहा पोरगा हैज्याचं जहर शिकून राह्यला." जसं काही मीच ते गाळून विकत होतो!

एका उन्हाळ्यात मी सुटीला घरी आलो आणि चौथ्या दिवशी जहर स्वतःच दारात आलं. दुपारपर्यंत बाबांचे डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. मंगरूळपीरच्या दवाखान्याकडे जाणारी बस निघून गेलेली. काका सायकलीने डॉक्टर आणायला गेलेला. बाबांचं एकच चाललं होतं, "पाणी दे वं."

आई रांजणापुढे ठाण मांडून बसली होती. "एक घोट नाई भेटत. पाण्यानंच हगवण वाढते. माह्या भावानं लोटाभर पेलं अन् सांजेले गेला."

"पाणी नाही दिलं तर बाबाही जातील, आई!"

"तू डाक्टर हायेस काय? सशाचा डाक्टर!"

मी हातवारे करून पेशीची सगळी दारं उघडून दाखवली. साखरेचं दार या विषाला बंद करता येत नाही. तिथून साखर मिठाला ओढते आणि मीठ पाण्याला. इतक्या जीव तोडून मी पुढे कधी व्याख्यान दिलं नाही. आई रडली, पण हलली नाही.

मग मी कोनाड्यातली मिक्श्चरची जुनी बाटली उचलून शेजारच्या मावशीकडे पळालो. पाणी उकळलं, परातीत निववलं, गूळ विरघळवला. मीठ किती? प्रयोगशाळेत मी ते मिलिग्रॅममध्ये तोलायचो. इथे नुसती चिमूट होती आणि जास्त पडलं तर बाप जाणार होता. ओठावर आलेलं आसू चाखलं, मग द्रावण चाखलं. आसवापेक्षा कमी खारट लागलं. तेच प्रमाण धरलं. वर ऐट म्हणून कणकेच्या खळीने डोसांच्या खुणा केलेली कागदी पट्टी चिकटवली.

"शहरातलं औषध हाय, आई."

आई ताडकन उठली. एक डोस पाजला आणि बाटली कोनाड्यात ठेवून दिली. "आता दुसरा सांजेले."

माझ्याच पट्टीने माझा गळा कापला होता! मी ती टराटरा फाडली. "हे तासाभरात संपवाचं असते! मंग गुण उतरते!"

औषधाचा गुण उतरू देईल तर ती आई कसली? बाबांनी ओकलं की पुसायची आणि पुन्हा चमचा लावायची. मी मागच्या दाराने मावशीच्या चुलीकडे धावत होतो. तिसऱ्या बाटलीलाही कातडी तशीच उभी राहिली. चौथीला बाबांनी मला ओळखलं नाही. मावशीचा गूळ संपत आला, तेव्हा मी परातीशी बसून मोठ्याने रडलो आणि रडतच पुढची बाटली भरली.

ऊन कललं तेव्हा बाबांना लघवी झाली; पाणी अंगात टिकू लागलं होतं. कुणाच्या लघवीला मी आयुष्यात त्या एकदाच टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात काका डॉक्टरांना घेऊन आला. नाडी पाहून त्यांनी विचारलं, "पाणी किती दिलं?"

"एक घोट नाई देल्ला, साहेब!" आई अभिमानाने म्हणाली.

ते तिच्यावर खेकसणार, तोच मी चिकट बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "हेच औषध चालू ठेवा, बाई."