गाडी वळायची जागा

तीनशे बारा वस्तीचं गाव. त्यातली निम्मी माणसं नुसती कागदावर, तरणी पोरं नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यांत नाहीतर अमरावतीत. रागिणीचा नवराही त्यातलाच, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. गावात उरली म्हातारी माणसं, गुरं आणि चांदूर रेल्वेला शिकायला जाणाऱ्या सहा पोरी. त्यांच्यासाठी सकाळ-संध्याकाळ एस्टी यायची. रागिणीची पौर्णिमा बारावीला होती, प्रॅक्टिकल दहा दिवसांवर.

वामनरावांनी शेतातून उपटलेल्या पऱ्हाट्यांची, कपाशीच्या वाळक्या झाडांची, गंजी आणून नेमकी मारुतीपुढच्या मोकळ्या जागेत रचली. एस्टी तिथेच वळायची. चार दिवस ड्रायव्हरने कशीबशी गाडी वळवली. शनिवारी सकाळी तो खाली उतरला.

"संध्याकाळपर्यंत जागा मोकळी दिसली तर ठीक, नाहीतर फाट्यावरूनच बसा. काच फुटली तर माझ्या पगारातून जाते, बाई."

फाटा चार किलोमीटर. म्हणजे पोरीने पहाटे अंधारात निघायचं. वाटेत नाला, तुरीत रोह्यांचे, नीलगायींचे कळप, आणि फाट्यावर दारूचं दुकान. पौर्णिमाला गाडीत बसवून रागिणी सरळ वामनरावांच्या ओसरीवर गेली. सख्खे सासरे नव्हते, पण गावच्या रीतीने ती त्यांना मामाजी म्हणायची.

"मामाजी, गंजी हलवा."

"कायले?" वामनराव सुपारी कातरत होते. "शुभमचा ऑटो हाये नं. त्यात जाईन पोरगी."

शुभम हा त्यांचा मुलगा. ऑटोचा आरसा पोरींकडे वळवून चालवायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, त्याच्या बापालाही.

"त्या ऑटोत मी माही बकरी बी नाई पाठवणार."

सुपारी कातरायची थांबली. "तोंड सांभाळ, सूनबाई. तीनशे माणसाच्या गावाले एस्टी पायजे! तुया पोरीले कलेक्टर करायचं असन तर अमरावतीले खोली कर."

आतून त्यांची बायको पार्वताबाई ओरडली, "नवरा घरी नसला की बायाइले अशीच जबान येते."

तक्रार करायची कुणाकडे? गटग्रामपंचायतीत या गावाचा एकच मेंबर, आणि तो वामनराव.

रागिणी घरी आली. तिचं अंगण त्या मोकळ्या जागेला लागून होतं, मधे नवऱ्याने मागच्या उन्हाळ्यात स्वतः रचलेली दगडमातीची भिंत. तिने लोखंडी सब्बल घेतली. दुपारभर दगड पडत राहिले. हापशीवरच्या बाया पाहत होत्या.

"येडी झाली का वं?"

"आता हिच्या न्हाणीतून एस्टी जाईन!"

एकीनेही हात लावला नाही, आणि त्यातल्या दोघींच्या पोरी त्याच गाडीने जात होत्या. कुणीतरी नवऱ्याला कळवलं. त्याचा फोन आला, "भिंत पाडली? कोणाले इचारून?" "तू इथं असता तर तुले इचारलं असतं," म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी एस्टी आली. रागिणी अंगणात उभी राहून हातानं खुणा करत होती, "या, या, अजून या." मागची चाकं तिच्या सारवलेल्या अंगणात रुतली, गाडी वळली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "सोमवारी येतो." पौर्णिमा उतरली आणि पडलेल्या भिंतीकडे पाहतच राहिली.

वामनराव आता रस्त्यात उभे होते. "अंगणातून गाडी नेतेस का? पुढच्या मीटिंगमधी हा रस्ता म्हणून लिहून घेतो. मंग अंगण इसर."

"घ्या लिहून," रागिणी म्हणाली. "पण रस्ता लिहाल तर मंग तिथं कोणाले काई टाकता येणार नाई. तुमाले बी नाई."

वामनराव थुंकले आणि निघून गेले. हापशीवरची एक बाई फिसकन हसली, कुणावर ते कळलं नाही.

पौर्णिमाने दप्तर ठेवलं. "आई, बाबा लय चिडतील."

"चिडू दे. जा, वही काढ," रागिणी म्हणाली आणि चाकांच्या वाटेत राहिलेले दगड बाजूला ओढू लागली.