पावणेपाचचा मिसकॉल

"ताई रोज पावणेपाचला उठून प्रार्थना करतात," असं चर्चमध्ये कुणी माझ्याबद्दल कौतुकानं सांगायला लागलं की माझा नवरा खोकतो. त्याला खोकला झालेला नसतो. त्याला जुनं काहीतरी आठवतं, पण चारचौघांत तो तोंड उघडत नाही, एवढा त्याचा मोठेपणा. आता मी खरोखरच उठते. उठल्यावर आधी काही मागत नाही, नुसते आभार मानते. पण ही सवय मला कशी लागली ते ऐकलं तर कौतुक करणाऱ्यांचा आवाज जरा खाली येईल, म्हणून एकदा मीच सांगून टाकते.

झोप म्हणजे माझा जीव की प्राण. आई म्हणायची, हिच्या उशाशी लग्नाचा बँड वाजवला तरी ही फक्त कूस बदलेल. लग्न होऊन बदलापूरला हेंद्रेपाड्यात आले तरी त्यात काही फरक पडला नाही. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. पहिली पाळी सातची, कंपनीची बस सव्वासहाला नाक्यावर. साडेपाचला उठलं की डबा, आंघोळ, सगळं उरकायचं. त्याच्या आधी उठणं मला स्वतःचा अपमान वाटायचा.

तेव्हा आमच्या हातांत नुकते कुठे मोबाईल आले होते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून आमचं एक महिला मंडळ होतं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, गाणी, बायबलमधलं वचन, प्रार्थना, आणि मग चहाबरोबर सासरच्यांच्या तक्रारी. अध्यक्षा होत्या उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई. यजमान गेलेले, मुलं बाहेरगावी, आणि जन्मभर नाइट ड्यूट्या केल्यामुळे झोपेशी त्यांचा संबंधच उरला नव्हता. जानेवारीच्या सभेत त्यांनी सगळ्यांना एकेक झेरॉक्स वाटली. वर मोठ्या अक्षरांत 'ख्रिस्ती स्त्रियांनी पहाटे उठण्याचे आत्मिक लाभ', आणि खाली बारा लाभ. सातवा होता, 'चेहऱ्यावर शांतीचे तेज येते'. आम्ही एकमेकींचे चेहरे पाहिले आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले.

बाई कागदावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पाच जणींची एक साखळी केली. चार वाजता त्या स्वतः सुरू करणार. पंधरा मिनिटं प्रार्थना झाली की पुढचीला मिसकॉल, म्हणजे एकच रिंग द्यायची आणि कट करायचं. पुढचीनं उठून एक रिंग परत द्यायची, ती उठल्याची पावती. मग तिची पंधरा मिनिटं सुरू. फोन कुणीच उचलायचा नाही. आणि प्रार्थना करायची ती आपल्या पुढच्या बाईसाठी. उल्हासनगरातून निघालेली रिंग अंबरनाथची दोन घरं करून पावणेपाचला माझ्याकडे यायची, आणि पाच वाजता मी ती चामटोलीला पाठवायची.

चामटोलीला साखळीतली शेवटची होती, पंचविशीतली एक मुलगी. गावात भाड्यानं खोली घेऊन राहायची, नवरा आनंदनगरलाच एका कारखान्यात. तिचा दोनदा गर्भ पडला होता, दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि तिसरा महिना चालू होता. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, माझ्यासाठी तुम्ही आहात ना? मग हेच एक मागा. बाकी मला काय नको." मी तिचा हात हातात घेऊन तिला शब्द दिला.

पहिले नऊ दिवस मी खरंच उठले. बदलापूरची थंडी मुंबईच्या लोकांना खोटी वाटते, पण जानेवारीत नदीकडून असा गारठा यायचा की फरशीवर पाय टेकवत नव्हता. मी चादर गुंडाळून बसायचे, तिचं नाव घ्यायचे, तिच्या बाळासाठी मागायचे. दहाव्या दिवशी वाटलं, प्रार्थना काय, पडूनसुद्धा होते. तो आणि अकरावा दिवस पडून केली. बाराव्या दिवशी 'हे प्रभू' एवढं म्हटलं आणि जाग आली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. घाईघाईनं चामटोलीला रिंग दिली. तिची रिंग परत आली. कुणाला काही कळलं नाही.

पुढे मी पद्धतच बसवली. मोबाईल उशीखाली. पावणेपाचला अंबरनाथची रिंग आली की डोळे न उघडता अंगठ्यानं परत रिंग. पाचचा गजर लावलेला, तो वाजला की चामटोलीला रिंग. मग साडेपाचपर्यंत पुन्हा झोप. एका तासात तीनदा जागं व्हायचं. "त्यापेक्षा सरळ प्रार्थना केलेली स्वस्तात पडेल," नवरा म्हणायचा. "तुझी प्रार्थना घोरते बरी," असंही म्हणायचा. मी त्याला ऐकवलं, प्रभूला पकडून नेलं त्या रात्री त्यानं जागं राहायला सांगूनही त्याच्या शिष्यांनासुद्धा बागेत झोप आवरली नव्हती, आणि ते तर त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होते. उचलली जीभ लावली टाळ्याला! "मग त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली का?" त्यानं विचारलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मार्चमध्ये तिला पाचवा महिना लागला आणि एका संध्याकाळी रक्त जायला लागलं. तिला उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नेलं. बाईंचा फोन आला, या वेळी मिसकॉल नव्हता. "बेटा, तुझी पोरगी सिरीयस आहे. उद्या पहाटे जोर लाव." मी रडले. भांडी घासता घासता दोन वाक्यं मनात बोललेही, पण खरं ते पहाटेच करायचं असं ठरवलं. पावणेपाचला रिंग आली, मी परत दिली. 'उठतेच' असं स्वतःला म्हटलं. उठवलं ते पाचच्या गजरानं. ती हॉस्पिटलात होती, त्या दिवशी तिला रिंग द्यायचं काही कारणच नव्हतं. पण अंगठ्याला सवय लागलेली, त्यानं दिली. दोन मिनिटांनी हॉस्पिटलातून तिची रिंग परत आली. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि कितीतरी वेळ आरशाकडे बघायचं टाळलं.

बाळ टिकलं. जुलैत मुलगी झाली, अडीच किलोची, आवाजाला खणखणीत. मला आनंद झाला आणि तो खराच होता, पण त्याबरोबर सुटल्यासारखंही वाटलं. "देव तारी त्याला कोण मारी," शेजारच्या काकू म्हणाल्या. ती म्हण मला त्या दिवशी फार आवडली, कारण तिच्यात माझं कुठेच नाव नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चमध्ये तिची उपकारस्तुती होती. देवाचे आभार मानायला ती बाळाला घेऊन माईकपाशी आली. "दोनदा माझी ओटी रिकामी राहिली. या वेळी रोज पाच वाजता ताईंची रिंग यायची. एक दिवस खाडा नाही. मी हॉस्पिटलात होते त्या दिवशीपण आली. ही मुलगी ताईंच्या प्रार्थनेची आहे." एवढं बोलून ती सरळ माझ्यापाशी आली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब म्हणाले, मग उपकाराची प्रार्थना ताईंनीच करावी.

मी बाळ घेऊन उभी राहिले. काय बोलायला हवं ते मला पक्कं माहीत होतं. मी ते बोलले नाही. मी प्रार्थना केली, चांगली लांबलचक, आणि लोक मनापासून आमेन म्हणाले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर करून दाखवलं. नंतर जेवण होतं, ते मला गेलं नाही. घरी येईपर्यंत नवरा एक अक्षर बोलला नाही. त्यानं एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मला जाग यायला लागली. रिंगनं नाही, गजरानं नाही, चारलाच डोळे टक्क उघडे. खाई त्याला खवखवे. मी स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसायचे, हात जोडायचे, आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. दिवसा माणसाला स्वतःशी खोटं बोलता येतं. कुकर असतो, बस असते, सुपरवायझर असतो, त्या गडबडीत खपून जातं. पहाटे त्या स्वयंपाकघरात मी होते आणि देव होता, आणि दोघांनाही सगळं माहीत होतं. हा लाभ काही बाईंच्या बारा लाभांत छापलेला नव्हता. पाच दिवस मी तशीच मुकी बसून राहिले. सहाव्या दिवशी, शनिवारी, पाळी सुटल्यावर घरी न जाता चामटोलीला जाणारी रिक्षा धरली.

रिक्षात बसल्यावर, आता ती मला बाळाला हात लावू देणार नाही, सगळ्या मंडळाला सांगेल, आणि सांगितलं तरी तिचं काय चुकेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. दोनदा वाटलं, रिक्षा परत फिरवावी.

ती दारातच बसून पायांवर बाळाला घेऊन तेल लावत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "ताई! अशा अचानक? बसा, चहा टाकते."

"चहा नको. आधी ऐक," मी म्हटलं, आणि उंबऱ्याशीच बसून सगळं सांगितलं. उशीखालचा मोबाईल, अंगठा, पाचचा गजर, सगळं. तिचा तेलाचा हात बाळाच्या पोटावर थांबला.

"म्हणजे कधीच नाही केली?"

"पहिले नऊ दिवस केली. मग नाही."

"हॉस्पिटलच्या टायमाला?"

"तेव्हापण नाही. झोप लागली."

तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाठ करून आत गेली. आता जा म्हणेल, असं वाटून मी चपला घालायला उठले.

"थांबा," ती आतूनच म्हणाली. "राग आलाय मला तुमचा. येणारच ना. पण बसा. मला पण एक बोलायचंय, ते मी घरात नवऱ्याला पण नाय बोलले."

मी बसले. ती येऊन समोर बसली, पण माझ्याकडे न बघता बोलत होती. "ताई, मी पण नाय केली प्रार्थना. एकदापण नाय. आधी दोन्ही टायमाला मागितलेलं, रडून रडून मागितलेलं, दोन्ही टायमाला गेलं. या वेळी तोंडच उघडेना माझं. परत मागितलं आणि तो परत नाय बोलला तर? म्हटलं, आपण मधी पडायचंच नाय. ताई मागतायत, त्यांचं तरी ऐकेल. तुमची रिंग आली की मी एक रिंग द्यायची, आणि पोटावर हात ठेवून गप पडून राहायची."

सहा महिने पावणेपाच ते सव्वापाच, बदलापुरात मी झोपलेली आणि चामटोलीत ती भीतीनं गप्प पडलेली, आणि आमच्यामध्ये नुसत्या रिंगा ये-जा करत होत्या. आम्ही दोघी त्या मुलीकडे बघत राहिलो. तिनं दुपट्यातून एक हात बाहेर काढला होता आणि मूठ चोखायचा तिचा प्रयत्न चालला होता.

"मग ताई," ती हळूच म्हणाली, "हिला मागितलं कुणी?"

माझ्या नऊ दिवसांच्या जांभया आणि भांडी घासतानाची दोन वाक्यं सोडली तर कुणीच नाही. कृपा हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. माझ्या लग्नपत्रिकेवरसुद्धा तो सगळ्यात वर छापलेला होता. पण तो तेल लावून, पाय झाडत माझ्या समोर कधी आला नव्हता. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. ती माझ्या आधीच रडायला लागली होती.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि बाळ माझ्याकडे दिलं. "धरा. रविवारी केली ती सोडून द्या. आता करा. मागायचं काय नाय."

मी डोळे मिटले. पाच पहाटे न फुटलेला आवाज त्या दुपारी फुटला. "प्रभू," मी म्हटलं, "मी झोपले होते आणि ही घाबरली होती. तू एकटाच जागा होतास." पुढचं मला बोलता आलं नाही, तेव्हा आमेन तीच म्हणाली.