मागच्याने द्यायचा आवाज

सायकलवर दोघं एकामागे एक चालले असतील तर पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्याने कान उघडे ठेवून आवाज द्यायचा. "टेम्पो!" "बस!" "कंटेनर!" पुढच्याने आवाज ऐकून डावीकडे सरकायचं, मागे वळून बघायचं नाही, कारण मान वळली की सायकलही वळते. मोशी-चाकण रस्त्यावर हॉर्न अखंड वाजत असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मागून आवाज आला नाही म्हणजे रस्ता मोकळा. हा आमचा नियम होता आणि तो भाऊंनी घालून दिला होता.

भाऊ म्हणजे माझे सायकलचे जोडीदार. मोशीतल्या जुन्या शेतकरी घरातले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी सांगवीचा, महाळुंग्याच्या एका कंपनीत नोकरीला. दोनशे किलोमीटरची एक राइड आम्हाला वेळेत पुरी करायची होती, म्हणून आठवड्यातून तीनदा सकाळी मी मोशी गाठायचो आणि तिथून पुढे आम्ही जोडीने जायचो.

माझा स्वभाव तापट. कुणी घासून गेलं की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. भाऊ पुढूनच म्हणायचे, "राव, शिव्या घरी जाऊन दे. हितं ध्यान ठेव." मला ते पटायचं, पुढचा टेम्पो येईपर्यंत.

त्या दिवशी चांगलं उजाडलं होतं. पहिल्या शिफ्टच्या बस घाईत होत्या. महाळुंग्याच्या अलीकडे एक पांढरी मोटार मला इतकी खेटून गेली की तिचा आरसा माझ्या कोपराला लागला. वर आतल्याने हात बाहेर काढून मलाच बाजूला हो म्हणून खुणावलं. माझं डोकं फिरलं. याला सोडायचं नाही, तक्रार करायचीच, असं ठरवून मी त्या मोटारीचा नंबर मोठ्याने घोकायला लागलो. एकदा, दोनदा, दहादा.

मागून कंटेनर येत होता. तो मला ऐकू येत होता. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण नंतर दोन वर्षं मी स्वतःला उलटंच सांगत आलो. पण तोंडात तो नंबर होता. आवाज दिला असता तर नंबर विसरलो असतो.

भाऊ खड्डा चुकवायला उजवीकडे सरकले आणि कंटेनरचा मागचा भाग त्यांना लागला. कंटेनर थांबला नाही. चौकीत मला गाडीचा नंबर विचारला, तो मी धडाधडा सांगितला आणि मग लक्षात आलं, हा मोटारीचा. कंटेनरच्या नंबराकडे मी पाहिलंच नव्हतं.

भाऊंच्या मांडीत रॉड घातला. भेटायला येईल त्याला ते सांगायचे, "यानं आवाज दिला व्हता. माझंच ध्यान न्हवतं." वहिनी माझ्यापुढे चहा ठेवायच्या. मी खाली मान घालून तो प्यायचो. मग हळूहळू जाणंच कमी केलं.

तो नंबर मात्र मला सोडत नाही. अंघोळ करताना, मशीनपाशी उभा असताना आपोआप तोंडात येतो. आता मी एकटाच सायकल चालवतो, आणि मागे घरघर ऐकू आली की पुढच्या रिकाम्या रस्त्याला ओरडून सांगतो, "कंटेनर!" टपरीवरची माणसं बघत राहतात. लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते, की पुढे कुणीतरी ते ऐकून खरंच डावीकडे सरकेल.

गेल्या महिन्यात न राहवून भाऊंकडे गेलो. दारात खुर्ची टाकून, काठी मांडीवर आडवी ठेवून ते बसले होते. वहिनी आत गेल्या तसं मी बोलून टाकलं. "भाऊ, त्या दिवशी मी आवाज दिलाच नव्हता."

"म्हाईत हाय की."

"मग सगळ्यांना तसं का सांगितलंत?"

"तुझ्या वहिनीनं परत तुला दारात उभं केलं नसतं." ते रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत होते. "खड्डा मला लांबूनच दिसला व्हता. तुझ्या आवाजासाठी थांबलो व्हतो मी. न्हाई आला, म्हणून तर उजवीकडं गेलो."