शेखांच्या ओट्यावर दिलेला निकाल

यांची थोरली बहीण, आपा, रत्नागिरीहून आमच्याकडे शारजाला राहायला आली, तेव्हापासून गाडीतली पुढची सीट तिची झाली. मी मागे बसते. मागे बसलं की मला मळमळतं, पण आपासमोर बोलायचं कसं?

रविवारी आपाला आणि मुलाला घेऊन उम्म अल कुवैनचा जुना किल्ला बघायला गेलो. पोहोचेपर्यंत माझा चेहरा पिवळा पडला होता. उतरले ती थेट किल्ल्याच्या दारापाशी गेले. तिथे भिंतीला लागून ओटा आहे, त्यावर बसले. आमच्या गावी घरापुढे आल्यागेल्याला टेकायला ओटी असते, तसंच मला वाटलं.

भिंत समुद्रातल्या दगडाची. त्यात शिंपले अजून दिसतात. एकावर बोट फिरवतेय, तोच रखवालदार धावत आला. मी दचकून उभी राहिले.

"बैठो बाजी, बैठो," तो हसला. "पहले इधर शेख बैठते थे. कश्ती का झगडा, खजूर का झगडा, सब का फैसला इधर. खलास!"

म्हणजे मी चक्क कोर्टात, आणि तेही न्यायाधीशाच्या जागेवर! मी बाजूला व्हायला लागले, तर हे म्हणाले, "बस, बस. मुलगा आणि आपा सकाळपासून पुढच्या सीटवरून भांडतायत. तूच दे निकाल."

"मम्मा, इट्स माय टर्न!" मुलगा ओरडला.

"माझे गुडघे बघा आधी," आपा म्हणाली. "आणि हिला काय विचारतोस? हिच्या तोंडात जीभ तरी आहे का?"

माझे कान गरम झाले. परतीचा ट्रॅफिक आठवला आणि मी पुन्हा ओट्यावर बसले.

"पुढची सीट मला," मी म्हणाले.

रखवालदाराने टाळ्या वाजवल्या.

"न्यायाधीशानेच माल पळवला!" आपा म्हणाली.

मग आम्ही आत गेलो. खजुराच्या खोडांचं छत, जाड भिंती, छान गारवा. कैद्यांची खोली एवढीशी. आपाने ती निरखून पाहिली. "इथे निदान पाय तरी लांब करता येतात. तुझ्या मागच्या सीटवर तेही नाही."

संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंग्यांसारख्या सरकत होत्या. मी पुढे. पोट अगदी शांत. लाजेने मागे वळून मात्र बघवेना.

"रत्नागिरीला गेले की अपील करते," मागून आवाज आला.

"तिथे न्यायाधीश कोण?" यांनी विचारलं.

"मीच," आपा म्हणाली.