खाली न उतरलेल्यांच्या सह्या

चंद्रावर पाऊल ठेवून आलेल्या माणसांविषयी ज्याला मनापासून तुच्छता वाटते, असा पृथ्वीच्या पाठीवरचा एकमेव माणूस सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. सख्खा. म्हणजे नातं नाकारायचीही सोय नाही. "उतरले, दगड गोळा केले, परत आले. त्यात काय मोठंसं? दगड आमच्या पर्वतीवरही आहेत," असं मामा म्हणतात. त्यांना आदर आहे तो तिसऱ्या माणसाचा. दोघं खाली चंद्रावर बागडत असताना मुख्य यान सांभाळत वर एकटाच घिरट्या घालत राहिलेला तो तिसरा. दर मोहिमेत असा एक असायचाच. या वर थांबलेल्यांचे, त्यांनी स्वतः सही केलेले फोटो जमवणं हा मामांचा छंद. मी एकदा मोठ्या हौसेने त्यांना चंद्रावर उतरलेल्या एकाचा सहीचा फोटो मिळवून दिला. तो त्यांनी फडताळात तांदळाच्या डब्याखाली अंथरला.

याचं कारण मामा स्वतः जन्मजात थांबणारे. सारसबागेच्या गणपतीला सगळं घर जाणार, मामा खाली चपलांपाशी. स्टेशनावर सगळे चहा प्यायला, मामा सामानापाशी. "तुम्ही व्हा पुढे, मी आहे इथे," हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा उच्चारलं असेल तितक्या वेळा कुणी देवाचं नाव घेतलं नसेल. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही त्यांची नजर अंतरपाटाच्या बाजूने वऱ्हाडाच्या ट्रंकांवर होती, असं मामी सांगायच्या. नोकरीसुद्धा टेलिफोन खात्यात, ट्रंक कॉल जोडून द्यायची. दोन टोकांना दोघं बोलणार, मामा मधे. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उगवले, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले आणि मामांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्यानंतर त्यांनी थेट अमेरिकेशी पत्रव्यवहार आरंभला.

मी तेव्हा हिंजवडीला नोकरीला लागलो होतो. कंपनीच्या बसमध्ये रोज अर्धा जन्म काढायचा, आणि तरीही जग जवळ आलंय असं लोकांना सांगायचं, असं आमचं काम. मी म्हटलं, "मामा, ईमेल करू या." ते म्हणाले, "आणि सही काय, काचेवर करणार?" मामांचं पत्र टाइप केलेलं असे. आधी आपला परिचय, मग फोटोची विनंती, आणि शेवटी दर वेळी तोच प्रश्न: 'सहकारी खाली उतरले तेव्हा वर एकटे थांबताना आपल्याला वाईट वाटले का? कृपया स्पष्ट कळवावे.' सोबत उत्तरासाठी स्वतःचा पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा. तिकीट आपलं, भारतीय. हे तिकीट अमेरिकेच्या पोस्टात चालत नाही असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की विचारू नका. "का? भारत सरकारचं आहे. घरी नाही छापलेलं." बिचाऱ्या त्या माणसांनी पदरमोड करून फोटो पाठवले. हसरा चेहरा, झोकदार सही, प्रश्नाला मात्र उत्तर नाही. मामांनी उलटटपाली कळवलं, 'फोटो पोचला. उत्तर द्यायचे राहून गेलेले दिसते.' त्यालाही उत्तर आलं नाही.

हे फोटो मामांनी चौकटीत घालून बैठकीच्या भिंतीवर ओळीने लावले. आपल्याकडे भिंतीवर चौकटीत कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा शेजारणीच्या आत्या आल्या आणि त्यांनी एकेका गोऱ्या चेहऱ्याला रीतसर हात जोडले. "केव्हा गेले हो?" असं त्यांनी हळूच विचारलं. "गेले कुठले! तिथवर जाऊन दारातच बसून राहिले. आमच्या ह्यांच्यासारखे," मामी म्हणाल्या.

पुढे कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं. मामा-मामींना मूलबाळ नाही, माझी बायको शिकायला त्यांच्याकडेच राहिलेली, त्यामुळे ते दोघं आमच्याकडे आले. भाचीची आठवण हे सांगायचं कारण. खरं कारण असं की जवळच्या गावातल्या संग्रहालयात, मामांच्या भिंतीवर अजून नसलेला असा एक तिसरा माणूस सह्या द्यायला बसणार होता. माणूस फार थकला होता, पुन्हा कुठे बसेल याची खात्री नव्हती. मामा आठवडाभर आंघोळीच्या वेळी इंग्रजीतून प्रश्न घोकत होते. या वेळी उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरलं होतं.

दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, पिशव्या आत नेता येणार नाहीत. मामींच्या पिशव्यांत दशम्या, चटणी, स्वेटर, पासपोर्ट असा सगळा संसार. मामा लगेच बाकावर बसले, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आहे इथे."

आणि आम्ही झालो की पुढे! इतक्या वर्षांची सवय. रांगेत बरंच आत गेल्यावर बायको थबकली. "अरे, पण आपण कशाला आलोय आत?"

मामी तरातरा बाहेर गेल्या. मी त्यांच्यामागे. मामींनी पिशव्या ओढून घेतल्या. "उठा. आयुष्यभर बसलात, पुष्कळ झालं. आज मी बसते." मामा काहीतरी पुटपुटले, पण उठले.

तो म्हातारा खुर्चीत छान हसत बसला होता. त्याने सावकाश सही केली, फोटो पुढे केला आणि मामांकडे पाहिलं. मामांनी फोटो घेतला, दाराकडे पाहिलं. मग "थँक यू" म्हणून जे वळले ते जवळजवळ पळतच बाहेर, मामींपाशी. "कंटाळलीस का गं? कुणी काही बोललं नाही ना?"

मला संताप आला. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मामा, प्रश्न?"

"नाही विचारला," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "अहो, समोर उभा राहिलो आणि डोक्यात एकच. ही बाहेर एकटी, इंग्रजी येत नाही, कुणी उठवलं तर? सही कशी केली तेसुद्धा पाहिलं नाही मी. मला आजवर वाटायचं, खाली उतरलेले आपल्याला विसरतात. नाही हो विसरत. अर्धं लक्ष वरच असतं."

पुण्याला परतल्यावर मामांनी तांदळाचा डबा उचलला, खालचा फोटो पुसला आणि ओळीत लावला. डब्याच्या बुडाचा गोल डाग त्यावर अजून आहे.

मागच्या वर्षी मामी गेल्या. आता भिंतीवर त्यांचाही फोटो आहे, त्याच ओळीत, चंद्रावर उतरलेल्या त्या माणसाशेजारी. परवा मामांकडे गेलो होतो. चहा त्यांनीच केला. कप खाली ठेवून मी धीर करून विचारलं, "मामा, एकटं वाटतं का हो?"

मामांनी भिंतीकडे पाहिलं.

"तिचं अर्धं लक्ष इकडे असणार," ते म्हणाले. "ती झाली पुढे. मी आहे इथे."